घाणा केवढा काढावा?

फराळ करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. कढईतलं तेल तापलेलं आहे, सोऱ्यातून चकल्या पडताहेत. एका वेळी एकच चकली सोडली तर ती छान तळली जाईल, पण दोन किलो भाजणी संपायला मध्यरात्र उलटेल आणि तोवर गॅस जळत राहील. उलट कढईभर चकल्या एकदम सोडल्या तर तेलाचा ताव उतरतो, चकल्या तेल पितात आणि मऊ पडतात. म्हणून सवयीचा हात एका घाण्यात चार-पाचच सोडतो. हा आकडा पाककृतीच्या पुस्तकात सापडत नाही. कढई केवढी, आच किती आणि बाहेर ताटली घेऊन कोण ताटकळत बसलंय यावर तो ठरतो.

संगणकाच्या जगात या घाण्याला ‘बॅच’ म्हणतात. अनेक नोंदी एकेक करून न पाठवता गठ्ठ्यानं पाठवायच्या, तो गठ्ठा म्हणजे बॅच. तो केवढा असावा हा प्रश्न वरवर इतका किरकोळ आहे की जगभरातल्या प्रोग्रामरांच्या कामात तो बहुतेक वेळा एका ओळीत मिटतो. कुणीतरी एक आकडा लिहितो, दुसरा कुणीतरी तो वाचून मान डोलावतो, झालं. मला या ओळीबद्दल, आणि त्याहून अधिक त्या मान डोलावण्याबद्दल लिहायचं आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण या क्षेत्राची एक गोष्ट मला फार आवडते. इथल्या काही मोठ्या प्रकल्पांत कुणी काय सुचवलं, कुणी काय आक्षेप घेतला आणि अखेर काय ठरलं, हे सगळं जपून, कुणालाही वाचता येईल असं ठेवलेलं असतं. गेली काही वर्षं मी ते कादंबरी वाचावी तसा वाचत आलो आहे.

उदाहरण म्हणून एकच प्रणाली घेऊ. तिचं नावही या अंकाच्या वाचकाला परकं नाही: काफ्का. प्रागच्या त्या लेखकाचंच हे नाव आहे. लिंक्डइन या कंपनीत जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी ही प्रणाली उभी केली. यातल्या नेहा नारखेडे पुण्यात वाढलेल्या, पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकी करून पुढे अमेरिकेत गेलेल्या. प्रणालीचं मुख्य काम लिहीत राहण्याचं, तेव्हा नाव लेखकाचंच असावं, असा खुलासा क्रेप्स यांनी केला आहे. काफ्काचं लेखन त्यांच्या आवडीचं होतं.

ही प्रणाली करते काय? जुन्या पेढीवरची रोजकीर्द आठवा. आलं-गेलं ते त्याच क्रमानं खाली खाली लिहीत जायचं, मागचं खोडायचं नाही. काफ्का म्हणजे अशी प्रचंड रोजकीर्द, अनेक यंत्रांवर वाटून ठेवलेली. एका बाजूनं नोंदी टाकणारे असतात, त्यांना प्रोड्युसर म्हणतात. कुणी बटण दाबलं, कुणी पैसे पाठवले, एखाद्या गाडीनं आपला ठावठिकाणा कळवला, की एकेक नोंद येते. दुसऱ्या बाजूनं त्या वाचून पुढचं काम करणारे कन्झ्युमर असतात. मधे रोजकीर्द सांभाळणारी यंत्रं, ती ब्रोकर. वही एकसंध नसते. तिचे भाग पाडलेले असतात, त्या भागांना पार्टिशन म्हणतात. नोंदींचा हा ओघ थांबत नाही, म्हणून अशा प्रणालींना प्रवाही म्हणायचं.

प्रवाही म्हटल्यावर वाटतं की नोंद आली की पाठवली, एवढं सरळ असेल. तसं नसतं. २०११ साली या तिघांनी काफ्काबद्दल जो शोधनिबंध सादर केला, त्यात एक प्रयोग आहे. प्रत्येकी २०० बाइटच्या एक कोटी नोंदी पाठवल्या. एकेक करून पाठवल्यावर सेकंदाला सुमारे ५० हजार नोंदी गेल्या. पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून पाठवल्यावर सेकंदाला सुमारे ४ लाख. तीच यंत्रं, तीच तार, त्याच नोंदी. घाणा बदलला आणि वेग आठपट झाला. (त्या वेळचा काफ्काचा प्रोड्युसर ब्रोकरकडून पोच मिळण्याची वाट पाहत नसे, हेही लेखकांनी त्याच निबंधात सांगितलं आहे. आकडे वाचताना अशी वाक्यं डोळ्याआड करू नयेत.)

कारण समजायला सोपं आहे. पत्र एका ओळीचं असलं तरी पाकीट, पत्ता आणि तिकीट लागतंच. काफ्काच्या आजच्या रचनेत प्रत्येक गठ्ठ्याला ६१ बाइटचं शीर्षक जोडलं जातं, मग आत एक नोंद असो वा हजार. त्यावर जाळ्याची स्वतःची पाकिटं, ब्रोकरनं ते उघडायचं, तपासायचं, पोच द्यायची. शिवाय गठ्ठा दाबून लहान करता येतो, आणि मोठा गठ्ठा अधिक चांगला दबतो. कारण ‘खाते क्रमांक’, ‘रक्कम’, ‘दिनांक’ हे शब्द प्रत्येक नोंदीत पुन्हा पुन्हा येत असतात.

ही युक्ती काफ्कापेक्षा बरीच जुनी आहे. १९८४ च्या जानेवारीत जॉन नेगल या अभियंत्यानं इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांमध्ये एक तक्रार मांडली होती. दूरच्या संगणकावर कुणी टंकत असेल तर प्रत्येक अक्षरामागे एक पाकीट निघतं: एक बाइट अक्षराचा, चाळीस बाइट शीर्षकाचे. त्यानं सुचवलेला उपाय असा, की आधी पाठवलेल्याची पोच येईपर्यंत नवी अक्षरं साठवावीत आणि मग एकदम पाठवावीत. उपाय उत्तम होता. पण साधारण त्याच काळात पलीकडच्या टोकाला दुसऱ्या कुणीतरी वेगळी काटकसर योजली होती: प्रत्येक पाकिटाची पोच लगेच न देता थोडं थांबावं, म्हणजे पोचही उत्तराबरोबरच जाईल. आता हा त्याच्या पोचेसाठी थांबला आहे आणि तो याच्या पुढच्या पाकिटासाठी. दोघंही शहाणे, आणि मधे माणूस ताटकळतोय. एकेकटं पाहिलं तर दोन्ही निर्णय निर्दोष होते. एकत्र आल्यावर ते नडले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे.

काफ्कात घाण्यावर दोन लगामं आहेत. एकाचं नाव ‘बॅच.साइझ’: गठ्ठा कमाल किती बाइटचा. दुसऱ्याचं ‘लिंगर.एमएस’: गठ्ठा भरला नाही तरी किती मिलिसेकंद थांबायचं. सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकाला हे पटकन कळेल. वडाप आणि एसटी. वडापची जीप सीट भरल्या की सुटते. चारच माणसं असतील तर ड्रायव्हर दाराशी उभा राहून ओरडत राहतो. एसटी वेळ झाली की सुटते, रिकामी असली तरी. काफ्काचा प्रोड्युसर दोन्ही नियम एकत्र पाळतो. जागा भरली किंवा वेळ झाली, जे आधी होईल तेव्हा गाडी हलते. आपण काहीच सांगितलं नाही तर बॅच.साइझ १६,३८४ बाइट धरला जातो, म्हणजे १६ केबी. लिंगर.एमएस कित्येक वर्षं शून्य धरला जात होता: कुणासाठी थांबू नकोस.

आता एक प्रोग्रामर येतो. आपली प्रणाली संथ आहे, अशी वरून तक्रार आली आहे. तो कुठेतरी वाचतो की घाणा मोठा केला की वेग वाढतो. १६ केबीच्या जागी ६४ केबी लिहितो आणि बदल तपासणीला पाठवतो. या तपासणीला ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात. कुणाचाही बदल मुख्य संहितेत जाण्याआधी दुसऱ्यानं तो वाचायचा, ओळीओळीपाशी शेरे लिहायचे, हरकत असेल तर मांडायची, मग मान्य करायचा. तपासणाऱ्याच्या पडद्यावर एक लाल ओळ आणि एक हिरवी ओळ दिसते. जुना आकडा, नवा आकडा. यात वाचायचं काय?

थोडी आकडेमोड करायची. समजा या प्रोग्रामच्या सेकंदाला १,००० नोंदी येतात, प्रत्येक २०० बाइटची, आणि खाते क्रमांकानुसार त्या दहा पार्टिशनांत सारख्या वाटल्या जातात. गठ्ठा प्रत्येक पार्टिशनचा वेगळा असतो, सगळ्यांचा मिळून एक नसतो. म्हणजे एका पार्टिशनच्या वाट्याला सेकंदाला १०० नोंदी. १६ केबीच्या गठ्ठ्यात अशा सुमारे ८२ नोंदी मावतात, आणि ८२ जमायला ०.८२ सेकंद लागतात. लिंगर जर ५ मिलिसेकंदांचा असेल, तर तेवढ्या वेळात सरासरी अर्धी नोंद येते. गाडीत एक माणूस, फार तर दोन. ८२ आसनांची गाडी एका प्रवाशाला घेऊन सुटते आहे आणि आमचा प्रोग्रामर तिला ३२८ आसनं बसवायला निघालाय. हा बदल चूक नाही. तो निरर्थक आहे. वेग वाढणार नाही, कमीही होणार नाही. तक्रार तशीच राहील आणि फाइलीत मात्र एक नवा, गूढ आकडा येऊन बसेल.

अशा वेळी तपासणाऱ्यानं लिहायचा शेरा एका वाक्याचा असतो: “सध्या आपले गठ्ठे सरासरी किती भरतात?” हा आकडा काफ्काचा प्रोड्युसर स्वतःच मोजत असतो; फक्त कुणी तरी तो विचारावा लागतो.

घाण्याचा हिशेब पहिल्यांदा मांडला तो संगणक जन्माला यायच्या कितीतरी आधी. फोर्ड व्हिटमन हॅरिस हा अमेरिकेतला अभियंता. शाळेपलीकडे त्याचं औपचारिक शिक्षण नव्हतं. (त्याच्याबद्दल मला विशेष आपुलकी का वाटते, हे सांगायला नको.) १९१३ च्या फेब्रुवारीत ‘फॅक्टरी’ नावाच्या मासिकात त्याचा एक लहानसा लेख आला: कारखान्यात एका वेळी किती नग बनवावेत? दर वेळी यंत्राची जुळणी करायला खर्च येतो, म्हणून एकदम जास्त बनवावेत. पण बनवलेला माल पडून राहिला की पैसा अडकतो, जागा अडते, म्हणून कमी बनवावेत. या दोन ओढींचा तोल कुठे साधतो, हे त्यानं एका वर्गमुळात बसवलं. घाणा दर घाण्याच्या खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवावा आणि साठवणीचा खर्च वाढला की त्याच हिशेबानं घटवावा. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात हे सूत्र आजही शिकवतात.

या सूत्राचा एक गुण फार कमी लोक लक्षात घेतात. तळाशी ते अगदी सपाट आहे. नेमका योग्य घाणा सोडून त्याच्या दुप्पट काढला, तर एकूण खर्च किती वाढतो? दुप्पट नव्हे, दीडपटही नव्हे. फक्त २५ टक्के. निम्मा काढला तरी तेवढाच. पाऊणपट किंवा सव्वापट काढला तर फरक जाणवणारही नाही. म्हणजे १६ केबी ठेवावा की २० केबी यावर दोन माणसं दुपारभर वाद घालत असतील, तर ती सपाट माळावर उभी राहून कुठला दगड उंच आहे यावर भांडताहेत.

पण हॅरिसच्या कारखान्यात एक गोष्ट नव्हती, ती सॉफ्टवेअरमध्ये आहे: कडा. त्याचं गोदाम हळूहळू महाग होत जाई. आपलं गोदाम एका क्षणी संपतं. माळ सपाट आहे खरा, पण त्याच्या टोकाला कडा आहे आणि धुक्यात तो दिसत नाही. घाण्याच्या आकड्याची तपासणी करणाऱ्याचं काम माळावरचे दगड मोजण्याचं नाही. कडा कुठे आहे ते विचारण्याचं आहे. मी वाचलेल्या चर्चांमधून माझं हे मत बनलं आहे आणि ते मी ठामपणे मांडतो.

एक कडा स्मृतीचा. काफ्काचा प्रोड्युसर न पाठवलेल्या सगळ्या गठ्ठ्यांसाठी मिळून ३२ एमबी जागा राखतो. गठ्ठा भरेल या आशेनं तो प्रत्येक गठ्ठ्याला पूर्ण जागा आधीच देऊन टाकतो, आत एकच नोंद असली तरी. कुणी उत्साहानं बॅच.साइझ १ एमबी केला आणि पार्टिशन ६० असले, तर एकेक गठ्ठा धरला तरी ६० एमबी हवेत. ३२ गठ्ठ्यांनंतर जागा संपली. पुढची नोंद टाकणारा प्रोग्राम तिथेच अडतो. गृहीत मूल्यांप्रमाणे एक मिनिटभर वाट पाहतो आणि मग त्रुटी दाखवतो. वेग वाढवायला केलेल्या बदलानं प्रणाली थांबली. तपासणाऱ्याच्या पडद्यावर तर फक्त बॅच.साइझची ओळ होती. ३२ एमबीचा आकडा दुसरीकडे असतो, बहुधा कुठेच लिहिलेला नसतो, कारण तो गृहीत आहे. आणि पार्टिशनांची संख्या तर वेगळ्याच गटाच्या हातात असते.

दुसरा कडा वाचणाऱ्याच्या बाजूला आहे, आणि तो मला अधिक भयंकर वाटतो. कन्झ्युमर एका खेपेला कमाल ५०० नोंदी उचलतो आणि पुढची खेप मागायला त्यानं ५ मिनिटांच्या आत परत यावं अशी अपेक्षा असते. नाही आला तर तो मेला असं समजून त्याचं काम दुसऱ्याकडे सोपवलं जातं. भागाकार करा: ३०० सेकंद भागिले ५०० नोंदी, म्हणजे दर नोंदीला ०.६ सेकंद. समजा हा कन्झ्युमर नोंद वाचून खातेदाराला एसएमएस पाठवतो. एरवी दर नोंदीला ०.१ सेकंद लागतो; खेप ५० सेकंदांत संपते. कुणाच्या मनातही कडा नसतो. मग सणाच्या खरेदीचा दिवस उजाडतो, एसएमएस पाठवणारी सेवा दमते आणि दर नोंदीला ०.७ सेकंद लागू लागतो. खेपेला ३५० सेकंद. पाच मिनिटं झाली, हा मेला असं ठरलं, त्याच ५०० नोंदी दुसऱ्याला दिल्या. वास्तविक पहिल्यानं त्यातल्या चारशेहून अधिक संपवल्या होत्या. पण ‘इथवर झालं’ अशी खूण तो खेपेच्या शेवटी करणार होता. दुसरा पहिल्यापासून सुरू करतो. तोही तितकाच संथ. तोही ‘मरतो’. खातेदाराला एकाच खरेदीचे दोन, तीन, चार एसएमएस येतात आणि तो घाबरून बँकेला फोन लावतो. वही पुढे सरकत नाही, मागे नोंदी साचत जातात.

आता याच ठिकाणी कुणी ५०० चे २,००० केले असते तर? कडा ०.६ वरून ०.१५ सेकंदांवर आला असता. रोजचा वेग ०.१. म्हणजे पडायला सणाची गरज नाही. एखादी साधी संथ दुपार पुरे. हा भागाकार चौथीतल्या मुलाला येतो. पण लाल-हिरव्या ओळीकडे पाहताना तो करायचा असतो हे सुचावं लागतं. आणि तो न सुचण्याची किंमत मोजतो तो रात्री दोन वाजता फोनच्या आवाजानं उठून लॅपटॉप उघडणारा मुलगा किंवा मुलगी. हिंजवडीत, खराडीत, बाणेरला अशी किती घरं असतील! आकडा लिहिणारा आणि उठणारा हे बहुतेक वेळा वेगवेगळे असतात.

तपासणीच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. १९७६ साली आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी प्रोग्रामच्या औपचारिक तपासणीची रीत छापून मांडली. ठरलेली माणसं, ठरलेल्या भूमिका, बैठक, ओळीओळीचं वाचन. उद्देश चुका पकडण्याचा. आज बैठका गेल्या, पडद्यावरचे शेरे आले. २०१३ साली अल्बर्टो बाकेली आणि क्रिश्चन बर्ड यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या तपासण्यांचा अभ्यास केला. लोकांना विचारलं तर ते सांगत, आम्ही चुका शोधायला तपासतो. प्रत्यक्ष शेरे पाहिले तर चुका अपेक्षेपेक्षा कमी सापडत होत्या. खरा लाभ होत होता तो माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा. आणि सगळ्यात अवघड काय होतं? समोरचा बदल समजून घेणं. साहित्याच्या वाचकाला यात आश्चर्य वाटू नये. ‘सत्यकथे’च्या संपादकांनी एखाद्या कथेवर लेखकाशी केलेल्या चर्चांबद्दल आपण ऐकत आलो आहोत. तिथेही शुद्धलेखनाच्या चुका काढणं हे काम गौण होतं, “हे पात्र असं का वागतं?” हा प्रश्न मोठा होता. फरक एवढाच, की ती पत्रं पेट्यांत राहिली. काफ्कासारख्या खुल्या प्रकल्पात हा पत्रव्यवहार चव्हाट्यावर होतो. मोठा बदल असेल तर आधी लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. किमान तीन अधिकृत सभासदांनी होकार दिल्याशिवाय तो संमत होत नाही, आणि मतदान किमान ७२ तास खुलं ठेवावं लागतं.

हे सगळं असूनही घाणा फसतोच, आणि त्याची काफ्कामधलीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नोंदीला खाते क्रमांकासारखी खूण नसेल तर ती कुठल्या पार्टिशनात टाकायची? जुनी रीत पाळीपाळीची: पहिली इकडे, दुसरी तिकडे, तिसरी पलीकडे. न्याय्य, पण घाण्याच्या मुळावर उठणारी. दहा माणसं आली आणि दहा जीपमध्ये एकेक बसली, तर कुठलीच भरणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीत रीत बदलली. एक जीप धरायची, ती सुटेपर्यंत सगळे तिच्यातच, ती सुटली की दुसरी. प्रस्ताव आला, चर्चा झाली, मोजमापं दिली गेली, मतं पडली. गठ्ठे मोठे झाले, पोचायचा वेळ घटला. उत्तम.

काही काळानं तिरकं काहीतरी दिसू लागलं. सगळे ब्रोकर सारख्या वेगाचे असतील तर ठीक. पण त्यातला एक जरा संथ असेल तर? लिंगर शून्य असताना गठ्ठा निघतो तो ब्रोकर घ्यायला तयार झाला की. संथ ब्रोकर उशिरा तयार होतो. तेवढ्या वेळात त्याच्या वाट्याच्या गठ्ठ्यात आणखी माणसं चढतात. म्हणजे जो दमलेला, त्याच्याच पाठीवर मोठं ओझं. ओझ्यानं तो आणखी दमतो, आणखी उशीर करतो, आणखी मोठं ओझं मिळतं. चर्चा करणाऱ्यांपैकी कुणी निष्काळजी नव्हतं. नेगलच्या वेळचाच प्रकार: एकेकटा नियम निर्दोष, आणि एकत्र आल्यावर चक्र. २०२२ मधल्या ३.३ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. आता जीप सुटली का, हे पाहायचं नाही. ठरावीक बाइट या पार्टिशनात गेले की पुढच्याकडे वळायचं. शिवाय संथ ब्रोकरला हवं तर कमी काम द्यायचं.

आणि तो शून्य? थांबू नकोस, हा हुकूम? वाट पाहिली की उशीर होतो, हे इतकं उघड वाटतं की त्यावर बोलायचं काय? पण घाणे बारीक असले की ब्रोकरसमोर पाकिटांची रांग लागते, आणि रांगेत उभं राहण्याचा वेळ हा थांबण्याच्या वेळेपेक्षा जास्त भरू शकतो. स्टँडवर पाच मिनिटं थांबून भरलेली गाडी निघाली तर पुढच्या नाक्यावर दहा रिकाम्या गाड्यांची कोंडी होत नाही. मार्च २०२५ मध्ये काफ्काची ४.० ही आवृत्ती आली आणि लिंगरचं गृहीत मूल्य शून्याऐवजी ५ मिलिसेकंद झालं. अधिकृत दस्तऐवजात कारण दिलं आहे: मोठ्या गठ्ठ्यांमुळे होणारी बचत इतकी असते की जास्त थांबूनही एकूण विलंब बहुधा तेवढाच राहतो किंवा घटतो. शून्यावरून पाचावर यायला जवळजवळ दहा वर्षं लागली, आणि मला ती जास्त वाटत नाहीत. गृहीत मूल्य बदलणं म्हणजे ज्यांनी कधी काही विचारलंच नाही अशा सगळ्यांच्या स्वयंपाकघरात शिरून आच बदलणं. ते मोठ्या आवृत्तीच्या वेळीच, सांगून-सवरून करावं लागतं.

इतरांनी वेगळे तोल साधले आहेत. बर्लिनच्या विद्यापीठीय संशोधनातून निघालेली फ्लिंक ही प्रणाली गृहीत धरल्यास १०० मिलिसेकंदांनी गठ्ठा पुढे ढकलते. तिथे शून्य लिहिलं तर दर नोंदीला गाडी सुटते आणि उणे एक लिहिलं तर भरल्याशिवाय सुटतच नाही. स्पार्कनं तर सुरुवातीला प्रवाह ही कल्पनाच बाजूला ठेवली होती: अर्ध्या सेकंदापासून काही सेकंदांपर्यंतचे छोटे घाणे एकामागून एक काढायचे, यालाच प्रवाह म्हणा. यात कुणी बरोबर, कुणी चूक असं नाही. कुणाची ताटली बाहेर वाट पाहते आहे, यावर ते आहे. शेअर बाजारातली मागणी असेल तर शंभर मिलिसेकंद फार. रात्रीच्या अहवालासाठी नोंदी जमवायच्या असतील तर दहा सेकंदही काहीच नाहीत.

म्हणून आकड्याशेजारी तो आकडा का, हे लिहिलेलं असावं, असा आग्रह तपासणाऱ्यानं धरायला हवा. “गठ्ठे सरासरी ३ केबीच भरत होते, लिंगर २० केल्यावर ११ केबी भरतात, खातेदाराला सूचना एका सेकंदात पोचावी ही अट मोडत नाही” अशी काहीतरी दोन वाक्यं. ती लिहायला लागली की अर्धे अनावश्यक बदल आपोआप गळतात, कारण लिहिता लिहिताच कळतं की आपण काही मोजलेलंच नाही. आणि उरलेले बदल पुढच्या माणसाला वाचता येतात.

४.० आवृत्तीतल्या त्या पाच मिलिसेकंदांना एक मर्यादा आहे. ज्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, त्यांनाच ते आपोआप मिळतात. ज्यांनी कधीकाळी, कुणाचं तरी पाहून, आपल्या फाइलीत स्वतःच्या हातानं ‘लिंगर.एमएस = ०’ असं लिहून ठेवलं, त्यांच्यापर्यंत हा बदल पोचत नाही. प्रोग्राम त्यांचं म्हणणं इमानानं पाळतो. अशा ओळीचा इतिहास उघडला तर लिहिणाऱ्याचं नाव निघतं, तारीख निघते, मान्य करणाऱ्याचंही नाव निघतं. त्यातले दोघंही बहुधा दुसऱ्या नोकरीत गेलेले असतात. कारणाच्या जागी काहीच नसतं. नवा आलेला प्रोग्रामर तो शून्य पाहतो, काहीतरी विचार करूनच लिहिला असेल असं समजतो, आणि नव्या प्रकल्पाची फाइल तयार करताना ती ओळ तशीच उतरवून घेतो.